सर्वांत वाईट दिवसासाठी निवड



आजचा विषय आहे, एखाद्या यंत्रासाठी योग्य मायक्रोकंट्रोलर कसा निवडावा. हा विषय प्रयोगशाळेतला, तो सार्वजनिक व्याख्यानाला कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. माझं उत्तर सरळ आहे. ही निवड एक अभियंता एका दुपारी करतो आणि तिचे परिणाम हजारो माणसं दहा-दहा वर्षं भोगतात. वीजमीटर, गीझर, रक्तातली साखर मोजणारं यंत्र, लिफ्ट, मोटारसायकलचं इंजिन, शेतातला पंप. या सगळ्यांत कुणीतरी, केव्हातरी, एक चिप निवडलेली आहे. ती निवडणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. पण त्याने नीट विचार केला होता की नाही, हे आपल्याला रोज कळतं.

मी आज एकच म्हणणं मांडणार आहे. मायक्रोकंट्रोलर निवडायचा तो त्या यंत्राच्या सर्वांत वाईट दिवसाकडे बघून. उत्पादकाच्या माहितीपत्रकाच्या, म्हणजे डेटाशीटच्या, पहिल्या पानावरचे आकडे चिपच्या सर्वांत चांगल्या दिवसाचे असतात. आपलं गिऱ्हाईक मात्र चांगल्या दिवशी आपली आठवण काढत नाही. हे म्हणणं मी पाच मुद्द्यांत मांडतो: काम, वीज, संकट, पुरवठा आणि माणसं.

त्याआधी, ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. संगणकात प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी आणि बाहेरच्या जगाशी बोलणारे भाग वेगळे असतात. मायक्रोकंट्रोलरमध्ये हे सगळं एकाच चिपवर नांदतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७४ साली टीएमएस१००० ही चार बिटांची चिप बाजारात आणली. १९८० साली इंटेलचा ८०५१ आला. त्यात ४ किलोबाइट प्रोग्रॅम मेमरी, १२८ बाइट रॅम, ३२ इनपुट-आउटपुट पिन, दोन टायमर आणि एक सीरियल पोर्ट होता. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर तो सेकंदाला फार तर दहा लाख सूचना पाळायचा. आपल्याकडच्या अभियंत्यांच्या कैक तुकड्या त्याच्यावर शिकल्या. पुढे नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून एव्हीआर हे चिपांचं घराणं उभं राहिलं, आणि त्याच घराण्यातल्या चिपवर २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी आर्डुइनो हा शिकण्याचा बोर्ड जन्माला आला. २००७ मध्ये एसटीएम३२, २०१६ मध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ पोटात घेऊन ईएसपी३२, २०२१ मध्ये रास्पबेरी पायची आरपी२०४०. आज काही रुपयांना मिळणारी सीएच३२व्ही००३ ही चिप ४८ मेगाहर्ट्झवर धावते आणि तिच्यात १६ किलोबाइट फ्लॅश, म्हणजे प्रोग्रॅमची मेमरी, आणि २ किलोबाइट रॅम असते.

म्हणजे आज ताकदीची वाण नाही. वाण आहे ती निवडीमागच्या विचाराची.

आता पहिला मुद्दा: काम. मित्रहो, 'कुठली चिप चांगली?' हा प्रश्नच अपुरा आहे. चांगली कशासाठी? उत्तर हवेत द्यायला नको म्हणून एक खरं काम घेऊ: शेतपंपाचा कंट्रोलर. आपल्याकडे शेतीला थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते, आणि अनेक ठिकाणी पाळीपाळीने ती रात्री येते. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात रात्री विहिरीवर जायचं म्हणजे बिबट्याची धास्ती. साप-विंचू तर सगळीकडेच. म्हणून मोबाइलवरून पंप सुरू-बंद करणारी यंत्रं आली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' हे त्यातलं गाजलेलं नाव. अशा यंत्राला काय काय करावं लागतं? तीन फेजांची तीन व्होल्टेज मोजायची. मोटर ओढते ते तीन करंट मोजायचे. विहिरीत पाणी आहे का ते बघायचं. एक फेज गेली तर मोटर ताबडतोब बंद करायची, कारण दोन फेजांवर चालणारी मोटर काही मिनिटांत जळते आणि शेतकऱ्याला रिवाइंडिंगचा खर्च पडतो. शिवाय स्टार्टरचे रिले चालवायचे, डिस्प्ले चालवायचा, मोबाइल मॉड्यूलशी बोलायचं.

ऐकताना हे फार मोठं काम वाटतं. पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. दर मिलिसेकंदाला एक मोजमाप घेतलं तर एका आवर्तनात २० मोजमापं होतात, आणि एवढी आपल्याला पुरतात. सहा चॅनेल, म्हणजे सेकंदाला ६,००० मोजमापं. आर्डुइनो उनोतली एटीमेगा३२८पी ही आठ बिटांची साधी चिप तिच्या एडीसीच्या, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या, नेहमीच्या वेगात सेकंदाला साधारण ९,६०० मोजमापं घेते. काम झालं की! मोजमापं साठवून ठेवायचीही गरज नाही. वर्ग करून बेरीज करत जायचं, रॅमचे मोजके बाइट खर्ची पडतात. २४० मेगाहर्ट्झचा दोन प्रोसेसरवाला ईएसपी३२ या मोजणीला लागत नाही.

मग एटीमेगा३२८पी घेऊन टाकायचा का? थांबा. आता पिन मोजू. या चिपच्या २८ पायांच्या अवतारात एडीसीचे चॅनेल बरोबर सहा. आपली गरजही सहाची. गणित जुळलं असं वाटतं. पण त्यातल्या दोन पिन आय-टू-सी या, दोन तारांवरून इतर चिपांशी बोलणाऱ्या, बसच्याही आहेत. डिस्प्ले आय-टू-सीचा घेतलात की दोन करंट मोजायला जागा उरत नाही. ३२ पायांच्या अवतारात एडीसीचे दोन चॅनेल जास्त मिळतात, तिथे हा पेच सुटतो. डेटाशीटवरचं प्रत्येक वैशिष्ट्य खरं असतं. सगळी वैशिष्ट्यं एकाच वेळी मिळतात असं मात्र नसतं. म्हणून पिन नुसत्या मोजू नका, त्यांची वाटणी कागदावर करून बघा. निम्म्या अडचणी या एका कोष्टकात दिसतात.

पुढे सीरियल पोर्ट. या चिपला एकच आहे. तो मोबाइल मॉड्यूलने घेतला की दोष शोधायला बाहेर बघण्याची खिडकीच उरत नाही. आणि मेमरी? आपल्या शेतकऱ्याला संदेश मराठीत जायला हवा. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि त्यात प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार वेगळा मोजला जातो. मॉड्यूलला ही ७० अक्षरं पाठवताना प्रत्येकाचे चार हेक्स अंक करून द्यावे लागतात, म्हणजे २८० बाइट. तेवढाच बफर येणाऱ्या संदेशाला. वर परवानगी असलेल्या फोन नंबरांची यादी, वेळापत्रक, मॉड्यूलच्या उत्तरांचा बफर. या चिपच्या २ किलोबाइट रॅममध्ये हे कोंबता येईल, पण दोन वर्षांनी एखादी सोय वाढवायची म्हटली की जागा नसेल.

म्हणून या कामाला मी दोनपैकी एका दिशेने जाईन. ५ व्होल्टवर चालणारी, जास्त मेमरीची एव्हीआर, उदाहरणार्थ एव्हीआर१२८डीए: १२८ किलोबाइट फ्लॅश, १६ किलोबाइट रॅम, तीन किंवा अधिक सीरियल पोर्ट. किंवा एसटीएम३२जी०७१सारखी कॉर्टेक्स-एम० प्लस या प्रोसेसरच्या गाभ्यावरची चिप: ६४ मेगाहर्ट्झ, १२८ किलोबाइट फ्लॅश, ३६ किलोबाइट रॅम. एक गोष्ट लक्षात घ्या. आपण साध्या चिपवरून वर सरकलो ते वेगासाठी सरकलो नाही. सीरियल पोर्ट, पिन आणि रॅम यांच्यासाठी सरकलो. कामाचा हिशेब केला नसता तर हे कळलंच नसतं.

आणि हिशेब केल्यावर कधी कधी भलतंच उत्तर येतं: मायक्रोकंट्रोलर नकोच. गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद करायची, एवढंच काम असेल तर पाण्याच्या पातळीवर चालणारा फ्लोट स्विच आणि मोटरची वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर पुरतात. उलट बाजूने, कॅमेऱ्यातून पानावरचा रोग ओळखायचा असेल तर बहुतेक वेळा लिनक्स चालवणारा छोटा संगणकच घ्यावा. नकार हेही अभियंत्याचं उत्तर आहे, आणि ते द्यायला धैर्य लागतं.

दुसरा मुद्दा: वीज. पंपाच्या पेटीत वीज आयती आहे. पण द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजणाऱ्या यंत्राचं काय? तिथे बॅटरी आहे, आणि ती बदलायला माणूस पाठवण्याचा खर्च बॅटरीपेक्षा जास्त आहे. विद्यार्थ्यांनी हा हिशेब लिहून घ्यावा. २,५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी. यंत्र दर १५ मिनिटांनी जागं होतं, २ सेकंद काम करतं, तेव्हा २० मिलिअँपिअर घेतं. ९०० सेकंदांवर पसरलं तर त्याची सरासरी ४४ मायक्रोअँपिअर येते. झोपेत चिप ५ मायक्रोअँपिअर घेते. एकूण ४९. भागाकार केला तर जवळजवळ ५१,००० तास, म्हणजे कागदावर साडेपाच वर्षांहून अधिक. बॅटरीची आपोआप होणारी झीज धरली तर त्याहून कमी, पण तरी वर्षांचीच भाषा.

आता तीच चिप बाजारात मिळणाऱ्या तयार बोर्डावर ठेवा. त्या बोर्डावर व्होल्टेज रेग्युलेटर आहे, यूएसबीची चिप आहे, सतत पेटलेला एक लाल एलईडी आहे. समजा, चिप झोपल्यावरही हे सगळे मिळून ५ मिलिअँपिअर घेतात. बॅटरी किती दिवस चालेल? वीस दिवस. चिप तीच, प्रोग्रॅम तोच. वर्षांची झाली दिवसांची!

म्हणून चिपची झोप बघायची ती संपूर्ण बोर्डाची झोप बघायची. आणि निरोप कसा पाठवणार तेही त्याच हिशेबात धरायचं. दर वेळी वाय-फायला जोडायला ४ सेकंद आणि १२० मिलिअँपिअर लागले, तर तीच बॅटरी सहा-साडेसहा महिन्यांत संपते. आणि बागेत वाय-फाय आहे कुठे? भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्याशिवाय लोरासारखं कमी ताकदीचं रेडिओ प्रक्षेपण करता येतं. ते दूरवर जातं, वीज थोडी खातं. तेव्हा इथे वाय-फाय पोटात असलेली चिप हा गुण ठरत नाही. एसटीएम३२एल किंवा एमएसपी४३० घराण्यातली शांत झोपणारी चिप आणि सोबत लोराचं मॉड्यूल, हे जोडपं इथे शोभतं.

डेटाशीटमध्ये करंटच्या कोष्टकात दोन रकाने असतात: 'टिपिकल' आणि 'मॅक्झिमम'. टिपिकलचा आकडा बहुधा २५ अंश सेल्सिअसचा असतो. विदर्भात मे महिन्यात सावलीत ४५ अंश असतात. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत किती असतील? तापमान वाढलं की झोपेतला करंटही वाढतो. आपण कोणत्या रकान्यावर विश्वास ठेवायचा? उत्तर तुम्हीच द्या.

इथून तिसऱ्या मुद्द्यात येतो, आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा आहे: संकट. बैलाची पारख बाजारात पाठीवरच्या झुलीवरून होत नाही, चिखलात रुतलेल्या गाडीला जुंपल्यावर होते. चिपचंही तसंच. वाईट दिवशी काय होईल?

वाईट दिवशी व्होल्टेज हळूहळू खाली येईल. एटीमेगा३२८पीच्या डेटाशीटवर '१.८ ते ५.५ व्होल्ट' असं लिहिलेलं आहे आणि '२० मेगाहर्ट्झ' असंही लिहिलेलं आहे. दोन्ही खरं. पण २० मेगाहर्ट्झला किमान ४.५ व्होल्ट लागतात, २.७ व्होल्टवर १० मेगाहर्ट्झ, १.८ वर फक्त ४. टूजीचं मोबाइल मॉड्यूल निरोप पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. पुरवठा कच्चा असेल तर त्या क्षणी व्होल्टेज दबतं, चिप मर्यादेच्या खाली जाते आणि चुकीच्या सूचना पाळू लागते. पंपाचा रिले आपोआप चिकटतो. मेमरीत भलतंच लिहिलं जातं. म्हणून चिपमध्ये व्होल्टेज दबण्यावर, म्हणजे ब्राउनआउटवर, लक्ष ठेवणारी सोय हवी, तिची पातळी आपल्या क्लॉकला साजेशी हवी, आणि मुख्य म्हणजे ती सुरू केलेली हवी.

वाईट दिवशी कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना उसळलेला विजेचा झटका प्रोग्रॅमला भलत्याच जागी नेऊन ठेवील. प्रोग्रॅम अडकेल. तेव्हा वॉचडॉग टायमरने चिपला रीसेट करायला हवं. पण तो वॉचडॉग मुख्य क्लॉकवरच चालत असेल आणि क्लॉकच बंद पडलं असेल तर? म्हणून स्वतःच्या स्वतंत्र ऑसिलेटरवर, म्हणजे क्लॉकचा ठेका देणाऱ्या वेगळ्या भागावर, चालणारा वॉचडॉग असलेली चिप घ्या. एसटीएम३२ मध्ये तो आहे, एव्हीआरमध्ये आहे. हा निकष तुलनेच्या कोष्टकात पहिल्या ओळीत लिहा, शेवटच्या नव्हे.

वाईट दिवशी उष्णतेने चिपचं आतलं ऑसिलेटर सरकेल. सीरियल पोर्टवर बोलताना साधारण दोन टक्क्यांच्या वर फरक पडला की अक्षरं बिघडायला लागतात. एटीमेगा३२८पीच्या आतल्या ऑसिलेटरची कारखान्यातून येतानाची हमी दहा टक्क्यांच्या आतली आहे. टेबलावर, पंख्याखाली सगळं सुरळीत चालेल. उन्हाळ्यात मात्र यंत्र मुकं होईल, आणि पावसाळ्यात तपासायला आणलं तर पुन्हा बोलू लागेल. हा दोष शोधणं किती कठीण! बाहेरून अचूक ठेका देणाऱ्या क्रिस्टलचे काही रुपये वाचवून आपण हा दोष विकत घेतलेला असतो.

आणि काही वाईट दिवस आपण स्वतः लिहून ठेवतो. एक साधं उदाहरण घ्या. पंप किती मिनिटं चालला हे लक्षात ठेवायचं म्हणून दर मिनिटाला ईईप्रॉम या वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीतल्या एकाच जागी आकडा लिहिला. एटीमेगाच्या ईईप्रॉमची हमी एका जागी १ लाख वेळा लिहिण्याची आहे. दिवसाला १,४४० मिनिटं. भागाकार करा. पंप सतत चालू धरला तर ६९ दिवस! सत्तराव्या दिवसापासून त्या यंत्राची स्मरणशक्ती हमीबाहेर. उपाय आहेत. जागा बदलत बदलत लिहिणं, वीज जाताना एकदाच लिहिणं, किंवा एफरॅमसारखी वेगळी मेमरी वापरणं. पण उपाय सुचण्याआधी प्रश्न पडायला हवा, आणि तो चिप निवडतानाच पडायला हवा. कारण कित्येक नव्या चिपांत ईईप्रॉम असतच नाही, आणि फ्लॅशची हमी बहुधा दहा हजार वेळांची असते.

गावाचाही एक वाईट दिवस असतो. वीज येते आणि त्याच क्षणी परिसरातले ऑटोस्विच लावलेले सगळे पंप एकदम सुरू होतात. ट्रान्सफॉर्मरवर एकाच वेळी भार येतो आणि तो जळतो. ऑटोस्विच टाळा आणि कपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण म्हणूनच करत असतं. आपल्या कंट्रोलरने वीज आल्यावर वेगवेगळा, यदृच्छ विलंब करून मोटर सुरू केली तर? त्याला काही ओळींचा कोड लागतो. त्या ओळी लिहायचं सुचणं हीच खरी हुशारी, आणि चिपमध्ये त्यांच्यापुरती जागा राखून ठेवणं हीच खरी निवड.

सुरक्षिततेचाही प्रश्न याच मुद्द्यात येतो. पंपाच्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम दूरवरून सुधारता यावा असं आपल्याला वाटतं, म्हणून दोन प्रती मावतील एवढी फ्लॅश घ्यावी. याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे आपलं मतदान यंत्र. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही यंत्रं बनवतात, आणि त्यातला मायक्रोकंट्रोलर एकदाच प्रोग्रॅम करता येतो असं निवडणूक आयोगाने सांगितलेलं आहे. एके ठिकाणी पुन्हा लिहिता येणं ही गरज, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा लिहिता न येणं ही गरज. दोन्हीकडे निर्णय एकाच प्रश्नातून आला: वाईट दिवशी काय होईल?

चौथा मुद्दा: पुरवठा. २०२० ते २०२२ या काळात जगाला चिपचा तुटवडा भोगावा लागला. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमधल्या थंडीने ऑस्टिनमधले एनएक्सपी आणि इन्फिनिऑनचे कारखाने बंद पडले. मार्चमध्ये जपानमधल्या नाका इथल्या रेनेसासच्या कारखान्याला आग लागली. मोटारींचं उत्पादन अडलं. एसटीएम३२ घराण्यातल्या चिपांना नेहमीच्या कितीतरी पट भाव आला. लहान उद्योगांना तर माल मिळेना. ज्यांच्या पीसीबीवर एकच विशिष्ट चिप बसू शकत होती त्यांचा धंदा थांबला. ज्यांनी त्याच पायांवर बसणाऱ्या दोन-तीन चिपांची सोय आधीच केली होती, कोड चिपपासून शक्य तितका वेगळा ठेवला होता, ते तरले.

८०५१ इतका का टिकला, याचं एक उत्तर इथे आहे. तो इंटेलपुरता राहिला नाही. फिलिप्स, सीमेन्स, अॅटमेल अशा अनेकांनी तो बनवला. आज कॉर्टेक्स-एम हा गाभा अनेक कंपन्यांकडे आहे, पण त्याभोवतीचे टायमर, एडीसी प्रत्येकाचे निराळे. तेव्हा गाभा एक म्हणून चिप एक असं समजू नका. उत्पादकाने ती चिप किती वर्षं बनवण्याचं वचन दिलंय, हे त्याच्या संकेतस्थळावर तपासा. दहा वर्षांचं वचन देणारे उत्पादक आहेत. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत नमुन्यादाखल चिपा जरूर घ्या, ती आपली विद्यापीठं आहेत. पण हजारांची खरेदी अधिकृत वितरकाकडूनच करा. एसटीएम३२एफ१०३च्या नावाने नकला सर्रास फिरतात. त्या बऱ्याचदा चालतातही, आणि नेमक्या वाईट दिवशी चालत नाहीत.

किमतीचंही इथेच सांगतो. दोन चिपांत ४० रुपयांचा फरक आहे. शंभर यंत्रं करायची असतील तर फरक ४,००० रुपयांचा, तेव्हा महागडी, सोपी, ओळखीची चिप घ्या आणि वेळ वाचवा. एक लाख यंत्रं करायची असतील तर फरक ४० लाखांचा. तिथे एका अभियंत्याने सहा महिने खपून स्वस्त चिपमध्ये काम बसवणं परवडतं. किती नग करायचे आहेत हे ठाऊक नसताना 'स्वस्त' आणि 'महाग' या शब्दांना अर्थच नसतो.

पाचवा आणि शेवटचा मुद्दा: माणसं. चिप निवडताना आपण माणसंही निवडत असतो. हा कोड पाच वर्षांनी कोण वाचणार? कंपायलर फुकट आहे की दर वर्षी परवाना घ्यावा लागणार? प्रोग्रॅम चालू असताना आत डोकावून बघता येईल असा डीबगर आहे का, की सीरियल पोर्टवर अक्षरं छापत अंधारात चाचपडायचं? डेटाशीटसोबत त्या चिपमधल्या ज्ञात दोषांची यादी, जिला एराटा म्हणतात, ती उत्पादक प्रामाणिकपणे छापतो का? मी तर म्हणेन, आधी एराटा वाचा, मग डेटाशीट. तालुक्याच्या गावातला दुरुस्ती करणारा माणूस ती चिप सोल्डरिंग आयर्नने काढू शकेल का, की तिचे पाय पोटाखाली दडलेले आहेत?

आर्डुइनोने जे केलं ते याच अंगाने मोठं होतं. त्याने नवी चिप दिली नाही, आधीच असलेल्या चिपपर्यंत जाणारी वाट सोपी केली. शाळेतली मुलं तिथवर पोचली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण शिकण्याचा बोर्ड आणि विकण्याचं यंत्र यांत अंतर आहे, आणि ते अंतर चालून जाण्याची तयारी आपण विद्यार्थ्यांना द्यायला हवी.

आपल्या देशातही आता प्रोसेसर घडत आहेत. आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅकचा वेगा, आयआयटी मुंबईचा अजित. शक्ती आणि वेगा हे रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर उभे आहेत. ती रचना २०१० मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात सुरू झाली आणि ती वापरायला कुणाचा परवाना लागत नाही. या प्रकल्पांचा अभिमान जरूर बाळगू. पण अभिमानाने चिप निवडली जाऊ नये. तिलाही हेच पाच प्रश्न विचारावेत. आपल्या महाविद्यालयांनी या बोर्डांवर कामं करून त्यांचे दोष लिहून कळवले, तर घडवणाऱ्यांना त्याचा उपयोग शंभर गौरवपर लेखांहून जास्त होईल.

आता सारांश. चिप विकत घेण्याआधी एक पान लिहा. त्यावर पाच गोष्टी असू द्या. एक, आत काय येणार, बाहेर काय जाणार, किती वेगाने, कोणत्या पिनवर, किती मेमरीत. दोन, संपूर्ण बोर्डाचा विजेचा हिशेब, मॅक्झिममच्या रकान्यातून. तीन, वीज दबली, उष्णता वाढली, प्रोग्रॅम अडकला, मेमरी झिजली तर काय होईल. चार, ही चिप मिळेनाशी झाली तर दुसरी कोणती, आणि किती नग करायचे आहेत. पाच, कोण लिहिणार, कोण तपासणार, कोण दुरुस्त करणार. हे पान भरलं की बाजारातल्या हजारो चिपांतून बहुतेक वेळा तीन-चार उरतात. मग त्यांतली तुमच्या ओळखीची घ्या. ओळखीची घेण्यात कमीपणा नाही, कारण तिचे दोष तुम्हाला ठाऊक असतात.

जाता जाता प्राध्यापक मित्रांना एक विनंती करतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची परीक्षा घेताना यंत्र चालतंय का, एवढंच आपण बघतो. चालतं, गुण देतो. यापुढे परीक्षकाने यंत्र चालू असताना वीज खाली-वर करावी, सेन्सरची तार काढावी, मॉड्यूलचा अँटेना सोडवावा, आणि विद्यार्थ्याला विचारावं, 'तू हीच चिप का निवडलीस?' ज्याच्याकडे ते एक पान असेल त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत, मग त्याची चिप ८०५१ असो की कालपरवा बाजारात आलेली असो. अशा तयारीची मुलं कारखान्यात गेली, तर शेतकऱ्याच्या मोटरी कमी जळतील आणि आपण बनवलेल्या वस्तूंवर लोक पुन्हा पुन्हा पैसे खर्च करतील. हे आपल्याला जमण्यासारखं आहे, आणि याच वर्षीच्या तुकडीपासून सुरू करण्यासारखं आहे.